जुळवणीचा रकाना

सगळ्यात जास्त चढाची सायकल शर्यत कोणती, हे मला वर्षातून पन्नास वेळा तरी विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. त्याने स्वतः केलेली, तीच. लांब पल्ल्याची ट्रायथलॉन म्हणजे सकाळी जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, आणि वर बेचाळीस किलोमीटर पळायचं. एवढं करून घरी आलेल्या माणसाला वाटतं की आपल्याइतका डोंगर जगात कुणी चढलाच नाही. अशा लोकांना आकडे दाखवून गप्प करणं हे माझं काम.

मी शर्यतींचे मार्ग मोजते. लांबी मी गाडीने मोजते आणि चढ स्पर्धकांच्या घड्याळांवरून काढते. ही घड्याळं हवेचा दाब बघून उंची सांगतात, आणि हवेचा दाब दिवसभर बदलत असतो. त्यामुळे माणूस निघाला तिथेच फिरून परत आला, तरी घड्याळ म्हणतं की तू चार मीटर खाली आलास, किंवा सहा मीटर वर गेलास. जागा तर कुठे हलत नाही. म्हणून आम्ही मोजणारे शेवटची उंची सुरुवातीच्या उंचीशी जुळवून घेतो आणि आलेला फरक सगळ्या रस्त्यावर थोडा थोडा वाटून टाकतो. माझ्या तक्त्यात त्यासाठी एक रकाना आहे, ‘जुळवणी’. तो मी पहिल्याच वर्षी लपवून टाकला, कारण लोक तो बघतात आणि नाही त्या शंका काढून डोकं खातात.

ह्या वर्षी आमच्या मंडळाला डोंगराळ मार्गांची सविस्तर तुलना हवी होती. चार मार्ग वर आले. दोन खिंडींचा पहिला, तीन हजार चारशे मीटर चढ, पण खिंडी लांब आणि संथ, माणूस एका लयीत चढत राहतो. बेटावरचा दुसरा. तिथे धड एक घाट नाही, नुसते चढउतार आणि तोंडावर वारा, पण भलेभले रडकुंडीला येतात. कड्याच्या मार्गात दीड किलोमीटरचा असा खडा तुकडा आहे की निम्मे लोक सायकल हातात धरून चालतात. आणि चौथा धरणाचा. धरणाच्या भिंतीवरून पलीकडे जायचं, डोंगराला वळसा घालायचा, परत पायथ्याशी यायचं. साठ किलोमीटरच्या अशा तीन फेऱ्या, दोन हजार सहाशे मीटर. चढ बेताचे, रस्ता गुळगुळीत, नाव ठेवायला जागा नाही.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने विचारलं होतं, ताई, डोंगरातली करायची आहे, पण जीव जाणार नाही अशी एखादी सांग. मी तक्ता उघडून धरणाच्या ओळीवर बोट ठेवलं होतं.

भावाला आम्ही घरात ठोंब्या म्हणतो. चालायला उशिरा लागला म्हणून ते नाव पडलं, ते आता चाळिशी जवळ आली तरी चिकटून आहे. तो दातांच्या कवळ्या बनवतो. हात इतका हलका की मेणातला एकेक दात केसाइतका इकडेतिकडे सरकवत बसतो. त्याने ती शर्यत पूर्ण केली, पदक आणलं, आणि नंतर आठवड्याभरात जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पडून मनगट मोडून घेतलं.

तो म्हणाला, पायरी संपली असं वाटलंच नाही. आम्ही हसलो. पण मग रोज तेच व्हायला लागलं. जिना उतरून खाली आला की तो फरशीवर उभा राहूनही पाय पुढे टाकून चाचपायचा, अजून एक पायरी असल्यासारखा. त्याची बायको त्याला चिडवायची की शर्यत केल्यापासून साहेबांचे पाय जमिनीला लागत नाहीत. डॉक्टरांनी कानात थेंब घालायला दिले. आणखी एक गंमत म्हणजे पंखा बंद असला, खिडक्या लावलेल्या असल्या, तरी त्याच्या हातातला पेपर फडफडायचा. आणि त्याची तीन वर्षांची मुलगी, आमची चिमणी, बाबा काही बोलला की त्याच्या तोंडाकडे बघायचीच नाही. मान वर करून छताकडे बघायची आणि तिकडे उत्तर द्यायची. पोर नाटकी आहे, असं मी म्हणत असे.

तर त्या तुलनेसाठी मी तक्त्यात नव्या ओळी घालत होते आणि घालता घालता लपवलेला रकाना उघडला गेला. दुपारचे तीन वाजले होते, कार्यालयात मी एकटी, चहा निवत होता. खिंडी, बेट, कडा, सगळीकडे असायला हवा तसा पसारा होता. वजा चार, अधिक दोन, अधिक सात, वजा एक. धरणाच्या ओळींत मात्र अकरा, अकरा, अकरा. नऊ वर्षं, सहाशेच्या वर माणसं, प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला अधिक अकरा मीटर. घड्याळ कुठल्याही कंपनीचं असो, दिवस पावसाचा असो की उन्हाचा. जे अर्ध्यातून गाडीत बसून परत आले होते, त्यांच्यापुढे साधे दोन, वजा तीन. माझ्या स्वतःच्या मोजणीच्या गाडीपुढे शून्य.

मी गाडीने गेले होते म्हणून शून्य. जे आपल्या पायांनी पुरी फेरी मारून आले, ते निघाले त्याच्यापेक्षा अकरा मीटर वर परतले होते, आणि मी नऊ वर्षं नेमाने तो फरक वाटून, पुसून, लपवून टाकत होते. हिशेब करायची गरज नव्हती, पण मी केला. ठोंब्याच्या तीन फेऱ्या, तेहतीस मीटर.

संध्याकाळी मी माझं घड्याळ घेऊन त्याच्याकडे गेले. त्याचं स्वयंपाकघर समुद्रसपाटीपासून सहाशे बारा मीटरवर आहे, हे मला माहीत आहे, मीच मोजलेलं. माझ्या मनगटावर माझं घड्याळ सहाशे बारा दाखवत होतं. मी त्याला त्याचं घड्याळ घालायला लावलं. सहाशे पंचेचाळीस. तो म्हणाला, बिघडलंय ते, मागेच दुकानात द्यायचं राहून गेलं. मी दोन्ही घड्याळं माझ्या हाताला बांधली, दोन्ही सहाशे बारावर आली. दोन्ही त्याच्या हाताला बांधली, दोन्ही हळूहळू चढत गेली आणि सहाशे पंचेचाळीसवर थांबली. आम्ही एकाच टेबलाशी बसलो होतो, कोपराला कोपर लागत होतं. त्याच्या बायकोने गॅस बंद केला आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली.

पहिल्यांदा त्याने थट्टा केली, म्हणजे आता वहीत माझी उंची वाढवून लिही म्हणाला. मग त्याने चिमणीला हाक मारली. ती आली, आणि बापाच्या डोक्यावरच्या रिकाम्या हवेकडे बघून म्हणाली, काय बाबा. तेव्हा त्याचा चेहरा उतरला. ह्याही वर्षीच्या शर्यतीला त्याने नाव दिलेलं होतं. ती सोळा दिवसांवर आली होती.

पहिली सातही वर्षं ही शर्यत पूर्ण केलेला एकच माणूस माझ्या यादीत होता, एक निवृत्त गणिताचे मास्तर. गेली दोन वर्षं आपण दोनशे एकतीस मीटर वर आहोत, हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलंय की नाही, असा विचार करत मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी फोन लावला. गेल्या दोन शर्यतींना ते आले नव्हते. फोन त्यांच्या बायकोने घेतला. मास्तरांशी बोलायचं आहे म्हटलं तर म्हणाल्या, ते वर असतात. मी म्हटलं, जरा खाली बोलवाल का.

“दोन वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “आधी जिन्यात तरी दिसायचे. मी ताट नेऊन ठेवायचे, रिकामं परत मिळायचं. आता ताट तसंच असतं.”

मी विचारलं, ते आहेत ना?

“आहेत हो. आवाज येतो ना त्यांचा. रोज मला हाक मारतात. पण फार वरून येतो.” मग जणू माझीच समजूत घालत त्या म्हणाल्या, “आमचं घर दोन मजल्यांचंच आहे.”

फोनमध्ये त्यांच्या बोलण्यामागे वारा ऐकू येत होता. मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला.

रात्रभर डोक्यात एकच विचार होता, की ठोंब्याला खाली आणायचं. उत्तर सापडायला गणिताचे मास्तर लागत नाहीत. एका बाजूने फेरी मारून माणूस अकरा मीटर वर जात असेल, तर उलट्या बाजूने तेवढाच खाली यायला हवा. धरणाच्या भिंतीचं फाटक एरवी कुलपात असतं. शर्यतीच्या दिवशी उघडतात, आणि त्याच्या आधी मोजणीसाठी मला चार दिवसांचा परवाना मिळतो. त्या चार दिवसांत ठोंब्याने रोज एक फेरी उलटी मारायची, तीन दिवसांत काम संपेल, एक दिवस हाताशी राहील. मी गाडीने मागे राहायचं. गाडीतल्या माणसाला काही होत नाही, हे माझ्या शून्यांनी सांगितलंच होतं.

पहिल्या दिवशी तो सकाळी व्यवस्थित निघाला. डोंगराची मागची बाजू चढला, भिंत ओलांडली. शेवटचा उतार, जो शर्यतीत चढ असतो, त्याच्या माथ्यावर मात्र तो उतरला आणि कडेच्या दगडाला धरून बसला. मी गाडी लावून जवळ गेले. त्याचे केस उडत होते. माझ्या अंगावर वाऱ्याची झुळूकही नव्हती.

“ताई, रस्ता दिसतोय,” तो म्हणाला. “पण दिसतोय तिथे तो नाहीये. फार खाली आहे.”

मी समजावलं, दटावलं, लहानपणी करायचे तसं ठोंब्या म्हणून हिणवलंसुद्धा. तो हलला नाही. कवळीचा दात केसभर सरकवणारे ते हात दगड सोडत नव्हते. शेवटी मी सायकल टपावर टाकली आणि त्याला गाडीत घालून खाली आणलं. एक दिवस वाया गेला. संध्याकाळी घड्याळ तेच सांगत होतं, तेहतीस मीटर वर. अर्धी फेरी मोजली जात नाही.

त्या संध्याकाळी, पायथ्याशी आम्ही घेतलेल्या खोलीवर, त्याने मला सांगितलं की रात्री झोप लागता लागता त्याला आपलं अंथरूण खाली राहिल्यासारखं वाटतं. घरी चिमणी शेजारी झोपते, तिचा श्वास त्याला तळाकडून ऐकू येतो, विहिरीच्या काठावर बसल्यासारखा. तिला उचलून घेताना आपण नेमकं कुठून तिला उचलतोय हे कळत नाही, आणि हातातून सुटेल ह्या भीतीने त्याने दोन महिने तिला कडेवर घेतलेलं नाही. हे सांगताना तो रडला. मीही रडले, त्यात लाजायचं काय.

मग तो म्हणाला, “कुणी पुढे असलं ना, तर मी उतरेन. मागचं चाक बघत बघत उतरेन. नुसता रस्ता बघून नाही व्हायचं.”

पुढे गाडी घेऊन चालणार नव्हतं, त्याला जमिनीला टेकलेलं चाक अगदी समोर, हातभर अंतरावर हवं होतं. तिथे दोघंच होतो. माझी सायकल गाडीत होती. हिशेब मला पाठ होता. तो तेहतीसवरून शून्यावर येईल आणि मी शून्यावरून निघेन. परवान्याचे उरले तीन दिवस, लागणार तीन दिवस. मला परत वर आणायला एकही दिवस उरत नव्हता. ते पुढच्या वर्षी बघू, असं मी मनाशी म्हटलं. त्याला काही बोलले नाही.

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि बसून बसून कंबर धरलेली बाई आहे. साठ किलोमीटरांत माझ्या नाकी नऊ आले. पण मी पुढे राहिले. उताराच्या माथ्यावर मी त्याला म्हटलं, चाक सोडून कशाकडे बघायचं नाही, आणि लहानपणीच्या सगळ्या कागाळ्या मोठमोठ्याने सांगत उतरले, म्हणजे त्याला आवाजही धरता येईल. वळणं सात होती. पाचव्या वळणावर तो मागून हसला तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

त्या संध्याकाळी त्याचं घड्याळ पायथ्याच्या खोलीत जे असायला हवं त्याहून बावीस वर होतं. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी बरोबर. त्याने मला मिठीच मारली. माझ्या घड्याळाकडे बघायचं त्याला सुचलं नाही, आणि मी बाही खाली ओढून घेतली होती.

आता मोजणीचा अहवाल द्यायचा होता, आणि गोम इथेच होती. मार्ग ठीक आहे असं लिहिलं तर पुढच्या वर्षी फाटक उघडेल, परवाना मिळेल, मी सरळ बाजूने तीन फेऱ्या मारून वर येईन. पण नऊ दिवसांनी शर्यत होती आणि ऐंशी माणसं नाव देऊन बसली होती. खरं लिहिलं तर आयोजक मला वेड्यात काढून शर्यत घेणारच. दोन तास मी कागदासमोर बसले. मग आयुष्यात पहिल्यांदा मोजणीत खोटं लिहिलं. भिंतीवरच्या रस्त्याला तडे आहेत, मार्ग कायमचा बंद करावा. धरणवाल्यांना तडा हा शब्द पुरतो. आठवड्याच्या आत त्यांनी भिंतीवरचा रस्ता उखडला आणि दोन्ही टोकांना काँक्रीटची भिंत घातली. शर्यत तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर झाली आणि स्पर्धकांनी मला मनसोक्त शिव्या दिल्या.

मास्तरांचा परतीचा रस्ताही मीच बंद केला. ते तसेही सायकलवर बसू शकले नसते, असं मी स्वतःला सांगते. त्यांच्या बायकोला पुन्हा फोन करायची हिंमत मला अजून झालेली नाही.

काल ठोंब्याकडे जेवायला गेले होते. तो जिना धडधडत उतरून दार उघडायला आला, खाली येऊन पाय चाचपला नाही. टेबलावर पेपर पडला होता, शांत. त्याने चिमणीला सहज उचलून कडेवर घेतलं, आणि ती त्याच्या डोळ्यांत बघून काहीतरी कुजबुजली. त्याच्या बायकोने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. ह्यासाठीच तर सगळं केलं होतं. मला मनापासून बरं वाटलं.

माझं म्हणाल तर चालतंय. पायरी उतरताना जमीन लवकर येते, टाच आपटते आणि झटका दातांपर्यंत जातो. घरात कपडे, चादरी, सगळं दमट लागतं, भर उन्हातसुद्धा. माणसं बोलतात ती मला वरून बोलल्यासारखी ऐकू येतात, म्हणून हल्ली मी दोनदा विचारते, आणि लोकांना वाटतं बाईला वयोमानाने कमी ऐकू येतंय. ठोंब्यालाही तसंच वाटतं. त्याने माझ्यासाठी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

जेवणं झाल्यावर मी सोफ्यावर बसले आणि चिमणीला म्हटलं, ये ग माझ्याकडे. ती आली. माझ्या गुडघ्याशी उभी राहिली, मला वाटलं मांडीवर चढेल. तिने खाली बघितलं. मग ती फरशीवर पालथी झोपली, लादीला कान लावला आणि डोळे मिटून ऐकायला लागली.

“आत्या,” ती लादीला म्हणाली, “मोठ्याने बोल ना.”

भाऊ आणि भावजय हसले. मी मोठ्याने बोलले.